निवेदनाचा फोटो छापून आला, पुढे काय? पक्ष न धरता सरकारदरबारी म्हणणं मांडणाऱ्यांकडून काय शिकता येतं



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या वीजबिलाची ओळ न् ओळ समजून घेतली. त्यात ओघाओघात मी एक वाक्य बोलून गेलो, "दर पटत नसेल तर आयोगापुढे म्हणणं मांडता येतं." त्यानंतर वसमत, कळमनुरी, सेनगावकडून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, आपल्यासारख्याचं तिथं कोण ऐकतंय?" या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हळदीचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या भागातले पीठगिरणीवाले, हळद-मिरची कांडपवाले, दोन झेरॉक्सवाले, एक वेल्डिंगवाला आणि कटलरी-स्टेशनरीचा मी, असे आम्ही चौदा जण चहाच्या टपरीवर जमलो. विषय वीजबिलाचा. अर्ध्या तासात ठरलं की निवेदन द्यायचं. एकाची एका नेत्याशी ओळख होती. बीबीए झालेला म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "वीजदर तात्काळ कमी करावेत, लघुउद्योजकांना न्याय द्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." एकही आकडा नाही. कोणता दर, किती कमी, कशावरून, काही नाही. निवेदन दिलं, फोटो काढला. मध्ये नेते, बाजूला आम्ही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. आम्ही तो फोटो स्टेटसला ठेवला.

पुढे काय झालं? बिलात काहीच नाही. झालं ते माझ्या गल्ल्यात. कांडप चालवणाऱ्या एका मित्राचा भाऊ दुसऱ्या पक्षाकडून पंचायत समितीची तयारी करत होता. फोटो बघून त्याला वाटलं, आम्ही बाजू घेतली. मित्र पुढच्या बैठकीला आलाच नाही. त्याच्या गल्लीतली गिऱ्हाइकं जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला दुसरीकडे गेली. ज्यांना दुकान आहे त्यांना जूनचा अर्थ सांगायला नको. आमच्या धंद्यात शाळा उघडायच्या पंधरा दिवसांवर पुढचे चार महिने निघतात. एका फोटोने ते गेलं, आणि चौदा जणांचे सहा राहिले.

त्यात नेत्याची काही चूक नव्हती. निवेदन आलं, त्यांनी घेतलं. मित्राची चूक होती असंही मी म्हणणार नाही. चूक आमची होती. ज्या माणसाच्या हातात तो निर्णयच नव्हता त्याच्या हातात आम्ही कागद दिला, आणि कागदावर वाचण्यासारखं काही लिहिलं नव्हतं.

निर्णय नेमका कुणाच्या हातात?

वर्षभराने प्रशिक्षणाच्या तयारीसाठी मी वीजदराचा एक आदेश उघडला. शेकडो पानांचा कागद. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला, आणि वीज कायदा २००३ प्रमाणे दर ठरवायचं काम त्याचं आहे. मंत्री एका सहीने दर ठरवत नाहीत, वीज कंपनीसुद्धा स्वतः ठरवत नाही. कंपनी आयोगाकडे याचिका करते, तिचा सारांश वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो, लोकांकडून सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यांचा विचार करून आयोगाने आदेश द्यायचा. कायद्याच्या ६४व्या कलमात हे सगळं आहे. जाहीर सुनावणी होते. आपल्या मराठवाड्यासाठी सुनावणीचं ठिकाण आजवर साधारणपणे छत्रपती संभाजीनगर राहिलं आहे.

आदेशात मला एक गोष्ट भारी वाटली. प्रत्येक मुद्द्याखाली तीन भाग असतात. लोकांनी काय म्हटलं, कंपनीने काय उत्तर दिलं, आयोगाचं मत काय. म्हणजे मुद्दा मान्य होवो न होवो, तुम्ही नीट मांडला असेल तर त्याला उत्तर छापील मिळतं. आमच्या निवेदनाला मिळाली होती ती फक्त पोच.

त्याच आदेशात "ग्राहक प्रतिनिधी" असा शब्द वारंवार येत होता. कलम ९४ मध्ये तरतूद आहे की ग्राहकांचं हित मांडण्यासाठी आयोग कुणालाही प्रतिनिधी म्हणून अधिकार देऊ शकतो. अनेक वर्षांच्या आदेशांत चार नावं दिसतात: मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. पहिल्या दोन संस्था लोकशिक्षण आणि अभ्यासाच्या, पुढच्या दोन उद्योजकांच्या. मराठवाड्यातलं एकही नाव नाही. ते वाचून मला थोडं लागलं, खरं सांगतो. पण मग बघायला लागलो की ही मंडळी नेमकं करतात काय.

पगार न घेणारे सल्लागार

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांचा विचार, आणि सोबत संगीतकार सुधीर फडके, क्रिकेटपटू माधव मंत्री अशी मंडळी. सुरुवात धोरणाने झालीच नाही. सुरुवात झाली किराण्याने. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन संघ करायची, महिन्याची यादी द्यायची, माल घाऊक घ्यायचा आणि आपापसात वाटायचा. वाटपाचं काम सभासदांनीच करायचं. त्यात गृहिणींचा वाटा मोठा होता आणि आजही आहे.

इथे दुकानदार म्हणून तुमच्या मनात आलं असेल, "अहो, हे तर आपल्याच पोटावर पाय!" माझ्याही आलं. दर महिन्याला हजारो कुटुंबांचा किराणा दुकानाला वळसा घालून जातो म्हणजे काय! पण थोडं थांबा. वीजबिल भरताना आपण दुकानदार नसतो, ग्राहकच असतो. बँकेत, विमा कंपनीत, मोबाइलच्या रिचार्जला आपण ग्राहकच असतो. शिवाय मला त्यांच्या किराण्याशी घेणं नव्हतं, त्यांच्या कामाच्या क्रमाशी होतं.

तो क्रम मला असा दिसला. आधी लोकांना शिकवायचं: वजन कसं बघायचं, पावती का घ्यायची, वेष्टनावर काय लिहिलेलं असलं पाहिजे. शिकलेला माणूस तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याला फुकट मार्गदर्शन करायचं. त्यासाठी त्यांची तक्रार मार्गदर्शन केंद्रं आहेत, तिथे स्वयंसेवक बसतात. अशी एकसारखी शंभर प्रकरणं समोर आली की कळतं, ही एका दुकानदाराची लबाडी नाही, नियमातच भोक आहे. मग त्या नियमाबद्दल सरकारकडे, आयोगाकडे, कोर्टाकडे जायचं. तेव्हा हातात घोषणा नसते, शंभर प्रकरणांची वही असते.

या शेवटच्या टप्प्यावर स्वयंसेवक सल्लागार कामाला येतो. निवृत्त इंजिनिअर, वकील, हिशेब तपासणारा, बँकेतला माणूस. असा माणूस सगळी संस्था चालवत नाही. त्याला एक ठरावीक काम दिलेलं असतं: याचिकेतलं हे प्रकरण वाचा आणि सांगा, आकडे जुळतात का. दरांच्या याचिकेत तर जाहीर सुनावणीच्या आधीच तांत्रिक पडताळणीची बैठक होते. त्या बैठकीत ग्राहक प्रतिनिधी बसतात आणि कोणती माहिती अपुरी आहे ते दाखवतात. मला तर ही बैठक सुनावणीपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण चुकीचा आकडा एकदा जाहीर झाला की पुढचं सगळं भांडण त्या चुकीच्या आकड्यावरच चालतं.

घरांच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. २०१८ मध्ये महारेराने सलोखा मंच सुरू केला. त्यात घर घेणारा आणि बिल्डर समोरासमोर बसतात, आणि मध्यस्थी करायला एक प्रतिनिधी ग्राहक पंचायतीचा आणि एक बिल्डरांच्या संघटनेचा असतो. नीट बघा, दोन्ही बाजू एका टेबलावर. जी संस्था उठसूट एका बाजूची घोषणा देते तिला समोरची बाजू अशा टेबलावर बसू देत नाही.

सरकारं बदलली, गणित तेच राहिलं

"पक्ष न धरणं" म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रयासचं आहे. हा पुण्यातला सार्वजनिक विश्वस्त न्यास, १९९४ मध्ये नोंदलेला. आधीच सांगतो, यांचे अभ्यासक पूर्णवेळ काम करतात, ग्राहक पंचायतीसारखे फावल्या वेळचे स्वयंसेवक ते नाहीत. पण मुद्दा समजायला हे उदाहरण हवं.

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवतोय? माझ्या पिढीने तो शाळेत असताना घरातल्या मोठ्यांच्या भांडणातून ऐकला. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि त्याने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला. पुढच्याच वर्षी त्याच युती सरकारने नव्याने वाटाघाटी करून करार केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडायला लागली की २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणं बंद केलं, आणि तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं.

या सगळ्यात प्रयासचे दिवंगत गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी काय केलं, तर कराराचं गणित मांडलं. १९९५ मध्ये त्यांचा लेख इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत आला. परकी कंपनी वाईट, अमुक नेता वाईट, असा त्याचा सूर नव्हता. करारात दर कसा बांधला आहे, वीज घेतली नाही तरी कंपनीला किती द्यावे लागतील, रुपया घसरला तर भार कुणावर, हे प्रश्न होते. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर भाडेकराराच्या बारीक अक्षरात काय दडलंय ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. सरकार या बाजूचं असो की त्या बाजूचं, बेरीज तीच होती. म्हणून त्यांचा कागद कुठल्याही बाजूच्या माणसाला वापरता आला, आणि कुणाच्याही बाजूने बोलल्याचा आरोप टिकला नाही.

त्यांचं आणखी एक काम मला दुकानदार म्हणून फार आवडतं. लोकांच्या घरात, दुकानात प्लगला लावायचं एक छोटं यंत्र त्यांनी आणलं. ते मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवतं. वीज किती वेळ गेली, किती कमी दाबाने आली, सगळं नोंद. "आमच्याकडे लाईट नसतेच हो" हे वाक्य आणि "या महिन्यात संध्याकाळी पाच ते अकरामध्ये इतके तास वीज नव्हती" हे वाक्य, दोन्हींत अधिकारी कोणतं गंभीरपणे घेईल? ज्याने आपल्या घरात ते यंत्र लावू दिलं तोही एका अर्थाने स्वयंसेवकच. त्याला अर्थशास्त्र येत नसलं तरी त्याच्याकडे प्लग आहे.

पक्षापासून दूर राहायला कायद्याचाही एक धाक असतो. सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, शिक्षण किंवा लोकहिताच्या नावाने त्याला देणगी मिळते. तो पैसा एखाद्या पक्षाच्या प्रचाराला लावता येत नाही. पण मला वाटतं धाकापेक्षा गरज मोठी आहे. ज्याला दर पाच वर्षांनी नव्या माणसासमोर तोच कागद ठेवायचा आहे त्याला कुणाचा माणूस होऊन चालत नाही.

हे आपल्याकडे नवीन नाही

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिच्या मुळाशी होते; न्यायमूर्ती रानडे पुढच्या वर्षी पुण्यात आले आणि सभेचं अभ्यासाचं अंग वाढलं. सभेचा एक नियम ऐका. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे "मी लोकांच्या वतीने बोलतो" असं म्हणायचं असेल तर आधी ते लोक दाखवा. आमच्या चौदा जणांच्या निवेदनावर सह्या किती होत्या माहितीये? पाच. बाकीचे फोटोला आले होते.

१८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. वकील, शिक्षक, पेन्शनर अशी मंडळी पदरमोड करून हे करत होती. त्यांना स्वयंसेवक सल्लागार म्हणायला माझी हरकत नाही.

पण पुढचंही सांगायला हवं, नाहीतर अर्धवट होईल. १८९५ मध्ये सभेवर टिळकांच्या गटाचा ताबा आला, रानडे आणि गोखले बाहेर पडले, आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. पुढच्या वर्षी सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढली. कोण बरोबर, कोण चूक, हा मोठ्या इतिहासकारांचा विषय. त्यात मी पडत नाही. मला दिसतं ते इतकंच की इतकी मोठी माणसं असूनही गट पडला, तर आमच्या टपरीवरच्या चौदा जणांचं काय घेऊन बसलात!

मग आम्ही काय केलं

गेल्या दिवाळीनंतर मी उरलेल्या सहा जणांना परत बोलावलं. या वेळी दुकान बंद झाल्यावर, माझ्याच दुकानात. अट एकच ठेवली: प्रत्येकाने बारा महिन्यांची बिलं आणायची. ज्याच्याकडे बिलं नाहीत त्याने बोलायचं नाही. (एक जण रागावून गेला आणि आठ दिवसांनी बिलं घेऊन आला.)

आणि तीन माणसं मदतीला मागितली. एक काका, वीज क्षेत्रातून निवृत्त झालेले. एक कॉलेजात कॉमर्स शिकवणारे सर. एक मुलगी, सीएची आर्टिकलशिप करणारी. तिघांनाही सांगितलं की पैसे देता येणार नाहीत, चहा आणि झेरॉक्सचा खर्च आमचा, आणि काम महिन्यातून दोन संध्याकाळचंच. काम नेमकं सांगितलं म्हणून ते हो म्हणाले, असं मला वाटतं. "आम्हाला मार्गदर्शन करा" असं मोघम म्हटलं असतं तर सरांनी एक छान भाषण केलं असतं आणि निघून गेले असते.

काकांनी पहिल्याच दिवशी आमचा अर्धा विषय संपवला. त्यांनी बिलावर पेनाने तीन खुणा केल्या. म्हणाले, "हे बघा, वीज आकार, स्थिर आकार आणि वहन आकार, हे आयोग ठरवतो. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, त्याबद्दल आयोगाकडे रडून उपयोग नाही. आणि तुमचा वर्ग कोणता लावलाय, मंजूर भार किती, हे तर तुमच्या अर्जाचं काम आहे. तुम्ही तिन्हीची खिचडी करून एकाच माणसाच्या गळ्यात घालायलात."

नंतर एकेक बिल बघायला लागलो. एका भावाने पूर्वी दुकानासाठी वाणिज्य वर्गाची जोडणी घेतली होती. चार वर्षांपूर्वी त्याच जागी दुकान बंद करून मसाला कांडप सुरू केलं. पीठगिरणी, डाळमिल, मसाला कांडप हे लघुदाबाच्या औद्योगिक वर्गात मोडतात. याने वर्ग बदलून मागितलाच नव्हता! चार वर्षं तो दराच्या नावाने ओरडत होता आणि प्रश्न एका अर्जाचा होता. दुसऱ्याने जुनी मोटर काढून लहान बसवली होती, पण मंजूर भार जुनाच. सहा जणांच्या तक्रारी कागदावर मांडल्या तेव्हा अकरा निघाल्या. त्यातल्या सात धोरणाच्या नव्हत्याच. त्या अर्जाने सुटणाऱ्या होत्या. अर्ज करून दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत. दोन वीज शुल्काच्या, म्हणजे सरकारच्या अखत्यारीतल्या. आयोगापुढे न्यायच्या फक्त दोन उरल्या.

त्यातली महत्त्वाची हळदीची. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी पेढे वाटले, चांगलंच झालं. पण हळद कांडपाचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. हंगामात मोटर रात्रंदिवस, आणि पावसाळ्यात यंत्रावर कापड टाकलेलं. स्थिर आकार मात्र बारा महिने. हे योग्य आहे की नाही, लहान हंगामी उद्योगाला वेगळी सोय असावी का, हा खरा धोरणाचा प्रश्न. यावर आमच्यात मतभेदही झाले. कॉमर्सच्या सरांनी विचारलं, "तुम्ही आठ महिने वीज वापरली नाही तरी तार आणि ट्रान्सफॉर्मर तुमच्यासाठी उभा आहेच ना? त्याचा खर्च कुणी भरायचा?" आम्ही गप्प. मला तर रागच आला. आमच्याच बाजूने बसलेला माणूस समोरच्याचं बोलतोय! पण सल्लागार ठेवायचा तो यासाठीच. हा प्रश्न सुनावणीत कंपनीने विचारला असता आणि आम्ही तिथे गप्प बसलो असतो तर? त्या रात्री आर्टिकलशिपवाल्या मुलीने तीन कांडपांचे महिनावार युनिट आणि स्थिर आकार यांचा तक्ता केला. एका पानात. त्यातून मागणीही बदलली. "स्थिर आकार रद्द करा" ऐवजी "बंद महिन्यांत मंजूर भार तात्पुरता कमी करून घेण्याची सोपी सोय द्या" असं झालं. ही मागणी मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. पण ती वाचल्यावर कुणाला हसू येणार नाही.

फोटोबद्दल एक नियम आम्ही लिहून काढला, आणि तो मोडला तर माणूस गटातून बाहेर. गटाचा कागद घेऊन कुणाही नेत्याबरोबर फोटो काढायचा नाही. कागद द्यायचा तर सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींना त्याच दिवशी, तोच कागद. कुणी निवडणुकीला उभं राहिलं तर शुभेच्छा, पण निकाल लागेपर्यंत गटाच्या वतीने बोलायचं नाही. आणि कागदावर आपला फायदा कुठे आहे ते आधीच लिहायचं: "आम्ही हळद कांडप चालवतो, ही सोय मिळाली तर आमचा खर्च कमी होईल." हे लिहायला सगळ्यांनी विरोध केला होता. सीएवाली मुलगी म्हणाली, "ते तुम्ही नाही लिहिलं तरी समोरच्याला दिसतंच की."

तुमचा धंदा वेगळा असेल, तर तुमचा कागदही वेगळ्या ठिकाणी जाईल. नगरपरिषदेची विकास योजना जाहीर झाली की हरकती-सूचनांना मुदत असते; तुमच्या दुकानासमोरचा रस्ता किती रुंद होणार ते त्यात ठरतं, आणि बहुतेकांना ते खुणा मारायला माणसं आल्यावर कळतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे नव्या कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेची तरतूद आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, वर्षातून किमान दोन बैठका आणि त्यात अशासकीय सदस्यही असतात. परिषदेचं काम सल्ला देण्याचं आहे. आपल्या हिंगोलीत बसून मुंबईपर्यंत न जाता म्हणणं मांडायची ती एक जागा आहे.

आता आमच्या गटाचं पुढे काय झालं ते विचाराल. कागद तयार होता, सह्या जमवायच्या होत्या. मुखत्यारपत्राची गोष्ट माझ्या डोक्यात बसलेली, म्हणून पन्नास कांडपवाले आणि गिरणीवाले गाठायचे असं मी ठरवलं. औंढा, सेनगाव, कळमनुरी फिरलो. त्या फिरण्याच्या नादात पेपरातली जाहीर सूचना आमच्यापैकी कुणीच बघितली नाही. एका भावाने पुडी बांधताना बघितली, खरंच, पुडी बांधताना! तोपर्यंत मुदत संपून आठ दिवस झाले होते. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि कागद दुकानातच. त्या रात्री मी घरी कुणाशी बोललो नाही.

काका शांत होते. म्हणाले, "दर काय एकदाच ठरतात का? परत येईल याचिका." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःहून एक काम घेतलं. रोज सकाळी वाचनालयात जाऊन दोन पेपरांच्या जाहीर सूचना बघायच्या. चष्मा लावून, बोट फिरवत. त्यांच्या वहीत तारखा आहेत, पुढे "काही नाही, काही नाही" असं लिहिलेलं.

सह्या आतापर्यंत एकोणचाळीस झाल्यात. कागदाची फाईल माझ्या काउंटरच्या खालच्या कप्प्यात, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी आहे. दर महिन्याला तक्त्यात नवीन बिलाची ओळ वाढते. आणि मागच्या पंधरवड्यात तो कांडपवाला मित्र, ज्याचा भाऊ निवडणुकीला उभा होता, दुकानात आला. दोन रजिस्टर घेतली, पैसे दिले, जाताना विचारलं, "ते हळदीचं काहीतरी लिहायलाव म्हणे तुम्ही. बिलं किती महिन्यांची लागतेत?"

मी म्हटलं, बारा.